प्रार्थनेआधी विचारायचा प्रश्न

वाचकाचे पत्र, थोडक्यात: "आदरणीय डॉक्टरबाई, मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती शिक्षक कुटुंबातली. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, शिफारशीवर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात माझे एमबीबीएस झाले. करारानुसार आता दोन वर्षे नंदुरबार जिल्ह्यातल्या एका मिशन हॉस्पिटलात काम करायचे आहे. आईवडील म्हणतात, काय तो दंड भरून मोकळी हो आणि आधी पीजी (पदव्युत्तर शिक्षण) कर, नाहीतर मागे पडशील. पाळकसाहेब म्हणतात, रुग्णाजवळ येशूचे नाव घेतले नाहीस, तर सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरात आणि तुझ्यात फरक तो काय? माझी एक जवळची मैत्रीण, तीही डॉक्टर, म्हणते, 'तुम्ही लोक औषधाच्या आडून धर्म वाढवता.' दोघांचेही बोलणे मला लागते. आणखी एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. इंटर्नशिपमध्ये एक बाळंतीण रक्तस्रावाने माझ्या डोळ्यांदेखत गेली. माझा विश्वास कमी पडला, असे तेव्हापासून वाटत राहते. मी काय करावे?"

प्रिय डॉक्टर,

प्रभूच्या नावात सप्रेम सलाम. वयाने तुम्ही मला मुलीसारख्या आहात, तरी मी तुम्हाला 'तुम्ही'च म्हणणार आहे, कारण ज्या हॉस्पिटलांत माझी एकतीस वर्षे गेली, तिथे नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरला मावशींपासून मेट्रनपर्यंत सगळे पहिल्या दिवसापासून 'तुम्ही' म्हणत, आणि त्या एका शब्दाने जबाबदारी आपसूक खांद्यावर येई. पीजीचा प्रश्न तुम्ही सर्वांत आधी लिहिला आहे, पण तुमची झोप त्याने उडवलेली दिसत नाही. म्हणून मी पाळकसाहेबांच्या प्रश्नापासून सुरुवात करते.

रुग्णाजवळ मोठ्याने प्रार्थना करावी का? त्याने मागितली तर अवश्य करावी. न मागता करायची ती आपल्या खोलीत किंवा हात धुताना मनातल्या मनात करावी. हे उत्तर मी कुठे वाचलेले नाही. माझ्या हातून एक चूक झाली, तिने ते मला शिकवले.

मी तेव्हा नवीन होते. अंग बाहेर आल्याच्या तक्रारीसाठी एक आजी भरती झाल्या होत्या. किती वर्षे त्यांनी ते दुखणे लुगड्याच्या घडीत लपवून शेतात काम केले होते, कोण जाणे. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या खाटेशी गेले, डोक्यावर हात ठेवला आणि येशूच्या नावाने मोठ्याने प्रार्थना केली. आजींनी डोळे मिटले, हात जोडले. माझे मन भरून आले, आणि त्या रात्रीच्या उपासनेत मी तो प्रसंग साक्ष म्हणून सांगितलाही. माझ्यामागून पाचच मिनिटांनी सिस्टर नेहमीच्या तयारीसाठी गेल्या आणि नेहमीसारखेच म्हणाल्या, "आजी, अंगावरचं सगळं काढून ठेवा, गळ्यातली माळसुद्धा." ती तुळशीची माळ होती. आजी वारकरी होत्या. आधी बाईंची प्रार्थना आणि लगेच माळ काढण्याचा हुकूम, या दोन गोष्टींचा त्यांनी लावला तो अर्थ कोणीही लावला असता. त्यांनी माळ काढली आणि रात्रभर मुठीत धरून त्या जाग्या राहिल्या. ऑपरेशन चांगले झाले. घरी जायच्या दिवशी त्यांच्या सुनेने मला व्हरांड्यात गाठून हळूच विचारले, "बाई, आत्यांनी नाही म्हटलं असतं, तर तुम्ही आपरेशन केलं असतं का?"

त्या प्रश्नाला मी "अर्थातच" असे उत्तर दिले. तिचा विश्वास बसला की नाही, मला कळले नाही, आणि आजही ते शल्य माझ्या मनात आहे. जोडलेले हात मी संमती समजले होते. खाटेवरचा माणूस डॉक्टरला 'नाही' म्हणू शकत नाही. त्याचा जीव, त्याची लाज, गहाण टाकून आणलेले पैसे, सगळे त्या घडीला आपल्या हातात असते. अशा वेळी त्याने मान डोलावली, तर त्यात श्रद्धा किती आणि भीती किती, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. पुढे आम्ही थिएटरमध्ये एक रीत पाडली. माळ असो, ताईत असो, क्रूस असो, रुग्णाला काढायचे नसेल तर ते कापसात गुंडाळून ऑपरेशनच्या जागेपासून दूर चिकटपट्टीने बसवायचे आणि तशी नोंद करायची. निर्जंतुकतेला त्याने कधी बाध आला नाही.

तुमच्या कॉलेजचे ब्रीद मार्काच्या शुभवर्तमानाच्या 10 व्या अध्यायातले आहे: सेवा करून घेण्यासाठी नव्हे, तर सेवा करण्यासाठी. ते 45 वे वचन. आता पान न उलटता पुढे वाचा. लगेच 46 व्या वचनापासून यरीहोच्या वाटेवर बसलेल्या आंधळ्या बार्तीमयाची गोष्ट सुरू होते. तो ओरडतो, लोक त्याला गप्प करतात, येशू थांबतो आणि त्याला विचारतो की, मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे? समोरचा माणूस आंधळा आहे हे साऱ्या गर्दीला दिसत होते, मग हे विचारायचे कारण काय? मला वाटते, कारण हेच की ज्याचे शरीर त्याची इच्छा, आणि ती त्याच्या तोंडून ऐकल्याखेरीज त्याला हात लावायचा नाही. आपण ज्याला संमतिपत्र म्हणतो आणि रात्री दोन वाजता घाईघाईने ज्यावर अंगठा घेतो, त्याचे मूळ मला या प्रश्नात दिसते. पाळकसाहेबांशी बोलाल तेव्हा हा उतारा त्यांच्यापुढे ठेवा. ते तुमच्यापेक्षा चांगले जाणतील की त्याच प्रभूने लूकच्या 17 व्या अध्यायात दहा कुष्ठरोग्यांना बरे केले, एकच परत आला, आणि उरलेल्या नऊ जणांचे बरे होणे त्याने मागे घेतले नाही.

म्हणून नंदुरबारला गेल्यावर एवढे पाळा. उपचाराचा निर्णय, त्याचा खर्च आणि संमती हे सगळे आधी आणि वेगळे होऊ द्या. प्रार्थना कोणाला हवी असल्यास ती मागण्याची सोय असू द्या, पण तिची चौकशी तुम्ही करू नका. हॉस्पिटलच्या धर्मसेवकाने किंवा समुपदेशकाने करावी, तीही एकदाच, आणि 'नको' म्हटल्यावर पुन्हा त्या खाटेशी त्या कामासाठी कोणी जाऊ नये. बेशुद्ध रुग्ण, एकटे मूल आणि प्रसूतीच्या कळा देणारी बाई यांच्याबाबत तर हा प्रश्नच काढू नये. राज्यघटनेच्या 25 व्या कलमाने सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य तुम्हालाही दिले आहे आणि त्या आजींनाही. मैत्रिणीवर रागावू नका. ती जे म्हणते ते तुमच्याकडून कधीही घडणार नाही याची काळजी घेणे, हाच तिला देण्यासारखा जबाब आहे. जमल्यास तिला आठवडाभर तिकडे बोलावून घ्या आणि राउंडला सोबत न्या.

आता 'फरक काय' हा प्रश्न. त्या वाक्यात सरकारी डॉक्टरांचा जो नकळत अधिक्षेप आहे, तो मला मान्य नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी प्राथमिक आरोग्य केंद्रात पावसाळाभर एकटा राहून काम करणारा वैद्यकीय अधिकारी माझ्यापेक्षा कमी सेवा करतो, असे म्हणण्याची माझी छाती नाही. आपल्या विश्वासाने आपल्यात काही फरक पडायचाच असेल, तर तो आधी कामाच्या बारकाईत पडावा. याबाबतीत वेल्लोरच्याच डॉ. पॉल ब्रँड यांची आठवण काढते. मिशनरी आईबापांच्या पोटी 1914 मध्ये तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरात त्यांचा जन्म झाला आणि 1946 मध्ये ते शल्यविशारद म्हणून वेल्लोरला आले. कुष्ठरोगात बोटे झडतात, मांस आपोआप सडते, अशी तेव्हा सर्वसाधारण समजूत होती. ब्रँड एकेका जखमेचा माग काढू लागले. ही जखम कुठून आली? तापलेल्या भांड्याने भाजून. ही? अडकलेल्या कुलपात किल्ली जोराने फिरवताना. वेदनाच होत नाही, म्हणून माणूस स्वतःला इजा करून घेतो आणि त्याला पत्ताही लागत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. तरी काही जखमांचा उलगडा होईना. रात्री धड असलेले बोट सकाळी कुरतडलेले दिसे. शेवटी कळले की झोपेत उंदीर बोटे खात होते आणि झोपलेल्याला जाग येत नव्हती. त्यावर त्यांनी काय केले, तर रुग्णांना मांजरे पाळायला दिली.

पिढ्यान्‌पिढ्या ज्या दुखण्याला लोक देवाचा कोप म्हणत आले, त्याच्यापाशी एक विश्वासू ख्रिस्ती माणूस इतक्या जवळ जाऊन बसला की त्याला उंदराचे दात ओळखता आले. पाळकसाहेबांनी साक्ष मागितली आहे ना? मला विचाराल तर ते मांजर ही साक्ष आहे. तुमच्या वाट्याला कदाचित सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा रुग्ण येईल, ज्याचे सांधे दर पावसाळ्यात दुखतात आणि ज्याला वर्षानुवर्षे नुसत्या वेदनाशामक गोळ्या देऊन परत पाठवलेले आहे. नंदुरबारच्या आदिवासी समाजांत हा आजार भरपूर आहे. त्याची रक्ततपासणी करणे, इलेक्ट्रोफोरेसिस या हिमोग्लोबिनच्या तपासणीने निदान पक्के करणे, भावंडांना बोलावणे आणि त्या आजारावरचे रोजचे औषध, हायड्रॉक्सियुरिया, मिळते ना हे दर महिन्याला विचारत राहणे, हे काम उपासनेइतकेच मन लावून करा. नवापूरच्या बाजूला गेलात तर मावची बोली शिका, धडगावकडे पावरी. दुखणे मराठीत सांगताना तिथल्या बायका अर्धे गिळतात.

हॉस्पिटलच्या विश्वासाची आणखी एक जागा आहे, आणि नवे डॉक्टर तिकडे सहसा फिरकत नाहीत. ती म्हणजे बिलाचा काउंटर. चॅपेलमध्ये कितीही सुंदर गायन होत असले, तरी गरीब माणसाला हॉस्पिटलचा देव त्या काउंटरवर भेटतो. महिन्यातून एकदा तिथे जाऊन बसा.

आता त्या बाळंतिणीबद्दल. हे लिहायला तुम्हाला किती जड गेले असेल, याची मला कल्पना आहे. तुमचा विश्वास कमी पडला म्हणून ती गेली, हा विचार मनातून काढून टाका. तो खरा नाही, आणि त्याला चिकटून राहिलात तर दोन वर्षांत तुम्ही मोडून पडाल. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाला कारणे असतात: गर्भाशय आकसत नाही, वारेचा तुकडा आत राहतो, कुठे फाटलेले असते, रक्त गोठत नाही. त्याला उशीरही कारणीभूत असतो: घरातून निघायला उशीर, गाडी मिळायला उशीर, रक्ताची पिशवी यायला उशीर. 'देवाची इच्छा' हे शब्द त्या मुलीच्या आईने उच्चारले तर आपण मान खाली घालून ऐकावेत. पण मृत्यूच्या नोंदीत ते डॉक्टरने लिहू नयेत. तिथे हे लिहावे की गर्भाशय आकसवणारे ऑक्सिटोसिन किती वाजता दिले, ते फ्रीजमध्ये होते की उन्हातल्या खिडकीत, गर्भाशयाला मसाज कोणी केला, वरिष्ठांना हाक किती मिनिटांनी गेली. ही नोंद प्रामाणिकपणे करणे हीच त्या गेलेल्या मुलीसाठी करता येण्यासारखी प्रार्थना आहे, कारण पुढच्या बाळंतिणीला तिचाच उपयोग होतो. रडायचे असेल तर रडा. मी भांडारघरात औषधांच्या खोक्यांमागे बसून रडले आहे, आणि एकदा आमच्या वयस्क सिस्टर काही न बोलता दाराशी पहारा देत उभ्या राहिल्या होत्या.

प्रार्थना आणि औषध यांची एकमेकांशी झुंज लावू नका, हे मी एका रात्रीच्या आधाराने सांगते. चौदा-पंधरा वर्षांच्या एका मुलाला शेतात घोणस चावली होती. पाय मांडीपर्यंत सुजला होता. मी दोन मिलिलिटर रक्त काचेच्या नळीत काढले आणि ती नळी टेबलावर उभी ठेवली. वीस मिनिटे तिला हलवायचे नसते. वीस मिनिटांनी एकदाच कलती करायची. रक्त गोठलेले असेल तर ठीक, पाण्यासारखे वाहिले तर विष रक्तात भिनले आहे. सलाइन लागले, प्रतिविषाच्या दहा कुप्या काढून ठेवल्या, प्रतिविषाची रिअ‍ॅक्शन आलीच तर म्हणून अ‍ॅड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून ठेवले. वडिलांना वाटले की आम्ही स्वस्थ उभे आहोत. ते म्हणाले, "बाई, काही करत का नाही?" मी त्यांना नळी दाखवून समजावले. मग त्यांनी स्वतःच विचारले, "तोवर तुमच्या देवाला सांगाल का?" मी सांगितले, उभ्यानेच, डोळे उघडे ठेवून, नजर भिंतीवरच्या घड्याळावर. वीस मिनिटे झाली. नळी कलती केली, रक्त वाहिले, प्रतिविष सुरू केले. सहा तासांनी पुन्हा नळी लावली, तेव्हा उजाडत होते, आणि या वेळी नळी कलती करूनही रक्त जागचे हलले नाही. त्यातले किती प्रार्थनेचे आणि किती प्रतिविषाचे, हा हिशोब मी मांडलेला नाही. पण ती नळी मी लावलीच नसती, तर प्रार्थना करण्याचा मला अधिकार राहिला नसता.

राहता राहिला पीजीचा प्रश्न. करार पाळा आणि दोन वर्षे जा. तुमच्या मंडळीतल्या ज्या माणसांनी शिफारस केली, त्यांनी ती एका डॉक्टरच्या आशेने केली आहे, आणि दंड भरल्याने तिथे डॉक्टर येत नाही. आईवडिलांची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. त्यांनी एका मुलीला शिकवताना काय काय बाजूला ठेवले असेल, ते तेच जाणतात. त्यांना सांगा की पीजी करायची आहेच आणि दोन वर्षांनंतर करायची आहे. सेवेला कौशल्य लागत नाही, नुसता भाव पुरतो, हा समज आपल्या मंडळीत फार आहे आणि तो रुग्णांच्या जिवावर उठतो. वेल्लोरच्या संस्थेच्या संस्थापक, अमेरिकन मिशनरी कुटुंबातल्या आयडा स्कडर यांची त्या रात्रीची गोष्ट तुम्ही पहिल्या वर्षापासून ऐकत आला असाल: बायकोच्या बाळंतपणासाठी स्त्री डॉक्टर शोधत तीन घरांतले तीन पुरुष एकामागून एक दाराशी आले आणि सकाळपर्यंत तिन्ही बायका गेल्या. गोष्ट सांगणारे बहुधा तिथेच थांबतात. त्या रात्रीनंतर आयडा कोणाच्या खाटेशी धावल्या नाहीत. त्या अमेरिकेला परत गेल्या, 1899 मध्ये कॉर्नेलमधून डॉक्टर झाल्या आणि मग 1900 मध्ये वेल्लोरला एका खाटेपासून त्यांनी सुरुवात केली. पाचारण आणि पहिली खाट यांच्यामध्ये अभ्यासाची वर्षे आहेत. 1918 मध्ये त्यांनी मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढली, तिच्यातूनच तुमचे कॉलेज उभे राहिले. आपल्याकडे मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनीही तेच केले. 1894 मध्ये हॉस्पिटल उघडले आणि स्वतः शस्त्रक्रिया करत असतानाच इथल्या तरुणांना शिकवायला घेतले. सांगली-मिरजेच्या मध्ये त्यांच्या नावाची वानलेसवाडी आहे, आणि तिथले लोक ते नाव आपल्या गावाचे म्हणून घेतात.

दोन वर्षांत काय आवडते आणि काय हाताला येते, ते तुम्हाला कळेल. भूल, प्रसूतिशास्त्र, शस्त्रक्रिया किंवा कुटुंबवैद्यक, यांपैकी ज्याची तिथे उणीव जाणवेल, तो विषय पीजीला घेण्याचा विचार करा. तिथल्या एखाद्या रात्री भूल द्यायला कोणी नाही म्हणून रुग्णाला शंभर किलोमीटर पाठवावे लागले की मी काय म्हणते ते पटेल.

मात्र डोळे झाकून जाऊ नका. रुजू होण्याआधी प्रशासकांना पत्र लिहून विचारा की रात्री तुमच्या मदतीला दुसरा डॉक्टर कोण असेल, सिझेरियनच्या वेळी भूल कोण देते, रक्त साठवण्याची सोय आहे की नाही, मण्यार चावलेल्या रुग्णाचा श्वास थांबला तर व्हेंटिलेटर आहे की हाताने फुगा दाबत बसायचे, आणि आठवड्यातून एक दिवस तुम्हाला खरोखर सुट्टी असेल का. सेवेच्या नावाखाली नव्या डॉक्टरला सलग ड्यूटीला जुंपणारी हॉस्पिटले मी पाहिली आहेत. थकलेल्या डॉक्टरच्या हातून डोस चुकतो, आणि तो चुकतो तेव्हा कोणाच्याही सद्भावनेने भरून निघत नाही. शब्बाथाची आज्ञा दहांमध्ये आहे, हे प्रशासकांना नम्रपणे आठवून द्या. उत्तर लेखी घ्या. ते असमाधानकारक असेल, तर मंडळीच्या मंडळाकडे दुसरे हॉस्पिटल मागायला संकोचू नका.

जाताना सोबत नव्या, कोरड्या काचेच्या नळ्यांचा एक डबा न्या. तिथे असतील, पण पुष्कळदा त्या साबणाच्या पाण्याने धुऊन पुन्हा वापरलेल्या असतात, आणि तशा नळीत चांगले रक्तही गोठत नाही, त्यामुळे निदान चुकते. पोहोचल्यावर पत्र लिहा, आणि पहिल्या महिन्यात कोणत्या दुखण्याचे रुग्ण सर्वांत जास्त आले, तेही कळवा.

तुमची,
डॉक्टरबाई